सणाच्या दुसऱ्या दिवसाचं जेवण: प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर

पहिली बैठक झाली. ठरलं ते असं: सणाला रात्रनिवाऱ्यातल्या आणि आसपासच्या गरजू माणसांना गरम जेवण द्यायचं, आणि ते विकत आणून वाटायचं नाही, आपण रांधायचं. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सुट्टीत रिकामं असतं, ते वापरायची परवानगी मिळाली. माणसं साधारण दीडशे धरली आहेत.

पदार्थांवर मात्र तासभर गेला. प्रत्येकाला आपल्या घरचं सणाचं काहीतरी हवं आहे. मी एवढंच म्हटलं की जेवणार ती माणसं, तर आधी त्यांना विचारू या. सगळ्यांनी मान डोलावली, पण यादी करणं काही थांबलं नाही.

११ नोव्हेंबर

निवाऱ्यावर जाऊन आलो. तिथलं काम बघणाऱ्या ताईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "दुसऱ्या दिवशी याल का?"

सणाच्या दिवशी त्यांच्याकडे अन्न मावत नाही. सकाळपासून गाड्या येतात, एकाच वेळी तीन-तीन ठिकाणचं जेवण समोर येतं आणि संध्याकाळी निम्मं टाकायची वेळ येते. दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. रोज जेवण देणाऱ्या जागाही सुट्टीपुरत्या बंद असतात, कारण तिथं राबणाऱ्यांनाही घर आहे. रोजंदारीवाल्यांची सणाच्या दिवशी मजुरी बुडालेली असते, म्हणून दुसऱ्या दिवशी हात आणखी मोकळे. ज्या मुलांचं दुपारचं जेवण शाळेत होतं, त्यांची शाळाही बंद. आदल्या दिवशी ताटात टाकून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पिऊन झोपतो, हे त्यांनी दरवर्षी पाहिलेलं आहे.

परत येताना कोणी फारसं बोललं नाही. माझ्या मनात मात्र गोष्ट तिथंच पक्की झाली.

१४ नोव्हेंबर

आज त्यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. काहींचं म्हणणं, सण सरल्यावर दिलेल्या जेवणाला सणाचं जेवण कसं म्हणायचं? लोकांना त्या दिवशी एकटं वाटतं, त्या दिवशी आपण जवळ असायला हवं. हा मुद्दा खोटा नाही. एकटेपणा सणाच्या दिवशीच जास्त बोचतो.

शेवटी असं ठरलं की २० डिसेंबरला, म्हणजे सणाच्या दिवशी, आपण काहीच रांधायचं नाही. निवाऱ्यात जायचं, आलेलं अन्न नीट वाढायला मदत करायची, लोकांबरोबर बसायचं. आपलं स्वतःचं जेवण २१ तारखेला दुपारी. आणि ते उरल्यासुरल्या वस्तूंचं नाही. पूर्ण, गोडासकट, सणाचं म्हणता येईल असं. दोघांनी नाराज होऊन काम सोडलं. त्यांनी परत यावं असं मनापासून वाटतं.

१८ नोव्हेंबर

जेवणार असलेल्या लोकांशी बोलणं झालं. कागद-पेन घेऊन मुलाखती घ्यायच्या नाहीत, हे ताईंनी आधीच बजावलं होतं. चहाच्या वेळी जाऊन बसलो आणि बोलता बोलता विचारलं.

आम्ही मनात धरलेलं बरंचसं तिथंच गळून पडलं. सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते "मऊ करा". कित्येकांचे दात पडलेले आहेत किंवा दुखतात. रस्त्यावर राहणाऱ्याला दातांचा इलाज सगळ्यात शेवटी मिळतो. तळलेलं, कडक, चावून खायचं असं काही त्यांना नको. दुसरं, तिखट बेताचं. तिसरं मला सुचलंच नसतं: एका आजोबांनी विचारलं, "साखर आहे मला. गोड वेगळं वाढाल ना? ताटात आधीच वाढलं की खाल्लं जातं." चौथ्या गोष्टीवर दोन मतं निघाली. बरेच जण म्हणाले, बसवून ताटात वाढा, डबा हातात देऊन वाटेला लावू नका. पण काहींना डबाच हवा, कारण त्यांना लोकांत बसून जेवायचं नाही. दोन्ही ठेवायचं.

मांसाचा विषय काढला तेव्हा कोण खातं, कोण खात नाही, कोणाला कसलं चालतं याच्या इतक्या तऱ्हा निघाल्या की ते बाजूला ठेवलं. सगळे एका पंगतीत बसून एकच जेवतील असं जेवण हवं.

ठरलेला बेत: भात, दाट रसाचा राजमा, बटाटा-गाजर-भोपळ्याची मऊ भाजी, पिकलेली केळी आणि तांदळाची खीर. गोड शेवटी, विचारून.

२२ नोव्हेंबर

मापं काढली. माणशी कोरडा तांदूळ ७५ ग्रॅम, शिजून जवळजवळ तिप्पट होतो. राजमा ६० ग्रॅम, शिजून अडीचपट. भाजी न सोललेली २०० ग्रॅम, तेल १५ ग्रॅम. हे सगळं मिळून सव्वासातशे कॅलरींच्या आसपास जातं, खीर किंवा केळं धरून साडेआठशे. आपत्तीच्या काळात अन्नवाटपाचं नियोजन करणाऱ्या संस्था माणशी दिवसाला २१०० कॅलरी धरतात. म्हणजे आमच्या एका ताटात दिवसाच्या गरजेचा दोन-पंचमांश वाटा येतो. ज्याला रात्रीच्या जेवणाची खात्री नाही त्याच्यासाठी हे माप मला योग्य वाटतं.

दीडशे माणसांना तांदूळ सव्वाअकरा किलो, राजमा नऊ, भाजी तीस. त्यावर पाचवा हिस्सा वाढवला, कारण भुकेला माणूस दुसऱ्यांदा मागतो आणि तेव्हा पातेलं रिकामं दाखवायचं नाही. अंतिम आकडे: तांदूळ साडेतेरा किलो, राजमा १०.८, भाजी ३६. खिरीचा तांदूळ वेगळा.

२९ नोव्हेंबर

पहिली चाचणी, तीस माणसांच्या मापाची. वसतिगृहात वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या काकू सुट्टी असूनही आल्या. त्यांच्याकडून आज जे शिकायला मिळालं ते सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोगी पडेल.

घरच्या मापाला आकड्यानं गुणून मोठं पातेलं शिजत नाही. घरी वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो, त्यातलं बरंचसं वाफेनं उडून जातं. मोठ्या टोपात तांदळाच्या मानानं उघडा पृष्ठभाग कमी, म्हणून पाणीही प्रमाणात कमी उडतं. त्याच हिशेबानं पाणी घातलं तर खाली लगदा आणि वर बोटचेपा भात. काकूंनी पाणी कमी घातलं, एक टोप भरण्याऐवजी दोन टोप अर्धे अर्धे लावले. खालचा भात वरच्याच्या वजनानं दबू नये म्हणून. मीठ तराजूवर तोललं, मुठीनं नाही. तिखट ठरवल्याच्या निम्मं घातलं आणि चव बघत वाढवलं.

राजम्याबाबत मात्र त्या कडक होत्या. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. निदान पाच तास भिजवायचा, भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात खळखळून उकळायचा. उकळी किमान दहा मिनिटं सांगतात, अमेरिकेतली अन्नसुरक्षेची शिफारस तीस मिनिटांची आहे. आम्ही तीसच धरणार. मंद आचेवर ८० अंशांपर्यंतच तापून राहिलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. मोठ्या टोपात हाच धोका असतो: कडेला बुडबुडे येतात आणि आपल्याला वाटतं उकळी आली, पण मध्ये अजून आलेली नसते.

हे काकूंनी दाखवलं कसं, तर टोपाच्या मधोमध झारा उभा बुडवून तळापासून वर ओढला. कडेला खळखळत होतं, मधून वर आलेला रस गुमान होता. तापमापकाची दांडी मध्ये घातली तर ८४ अंश. त्या म्हणाल्या, "आता वेळ मोजायला सुरुवात नाही करायची. मधलं उकळू दे, मग घड्याळ बघा." शेवटी एक दाणा बोटांत धरून दाबला, सालीखाली कणी लागली नाही तेव्हाच आच कमी केली.

३ डिसेंबर

आदल्या दिवशीच शिजवून ठेवलं तर सकाळची धावपळ वाचेल, अशी सूचना आली. ती नुसती फेटाळण्यापेक्षा करून बघितली.

वीस लिटरच्या टोपात शिजवलेला राजमा ओट्यावर झाकून ठेवला. दोन तासांनी कडेला हात लावला तर कोमट लागत होता, पण मध्ये तापमापक ६८ अंश दाखवत होता. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की आतलं अन्न आठपट होतं आणि उष्णता बाहेर पडायची जागा चारपटच. म्हणून मोठा टोप निवायला फार वेळ घेतो आणि तेवढा वेळ अन्न जंतूंना मानवणाऱ्या उबेत राहतं. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू मोठ्या पंगतींच्या अन्नातच जास्त सापडतो. चाळीस ते पन्नासच्या मधल्या तापमानात तो दहा-दहा मिनिटांत दुप्पट होतो. भातातला बॅसिलस सिरियस त्याहून वाईट. त्याचे बीजाणू उकळीतूनही वाचतात, भात बाहेर राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानं नष्ट होत नाही. "परत चांगलं उकळून घेऊ" हे उत्तर तिथं लागू पडत नाही.

त्याच टोपातला उरलेला राजमा परातींत पाच सेंटीमीटर जाडीचा पसरला, परातींखाली बर्फाचं पाणी आणि वर पंखा लावला. दीड तासात २१ अंशांवर आला. नियम असा की ५७ वरून २१ वर दोन तासांत यायला हवं आणि पुढच्या चार तासांत ५ वर. म्हणजे जमतं. पण अडीच पातेल्यांना पुरतील इतक्या पराती, इतका बर्फ आणि इतका मोठा फ्रिज आमच्याकडे नाही. गरम टोप तसाच फ्रिजमध्ये लोटला तर आतलं दूधही तापेल.

म्हणून आदल्या रात्री फक्त निवडणं, धुणं आणि राजमा भिजवणं. आच सकाळीच पेटवायची. पहाटे उठावं लागेल, हे सगळ्यांनी मान्य केलं.

तापमापक रोज तपासायचा: बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर. समुद्रसपाटीपासून उंचावर उकळी थोडी आधी येते, साधारण तीनशे मीटरला एक अंश, ते लक्षात ठेवायचं.

७ डिसेंबर

स्वयंसेवकांची नावं घेतली. वीस तारखेला यायला गर्दी, एकवीसला हात मोजकेच. कारणं खरी आहेत: कोणाची गाडी त्याच सकाळची, कोणाला घरून ये म्हणून फोन. कोणावर राग नाही. जे गावीच राहणार त्यांना विचारलं, आणि स्वयंपाकघराच्या कामाचे तीन तुकडे केले म्हणजे पहाटेचा माणूस दुपारी झोपू शकेल.

एक नियम मात्र कोणासाठीही वाकणार नाही. उलटी किंवा जुलाब झाले असतील तर थांबल्यापासून ४८ तास स्वयंपाकघरात पाऊल नाही. नोरोव्हायरस माणूस बरा वाटू लागल्यावरही पसरतो आणि नुसत्या सॅनिटायझरनं नीट मरत नाही. साबण-पाण्यानं वीस सेकंद हात धुवायचे. आमची पोटं दोन दिवसांत सुधारतील. जेवायला येणाऱ्यांमध्ये म्हातारी माणसं आहेत, आजारी आहेत, रात्री-अपरात्री शौचालयाला जायची सोय नसलेली आहेत. त्यांना ते परवडणार नाही.

१० डिसेंबर

फोटोंचा प्रश्न. देणगी देणाऱ्यांना काहीतरी दाखवायला हवं, असं एकाचं म्हणणं. मी या बाबतीत हट्टी आहे.

आयर्लंडमध्ये दुष्काळ चालू असताना, १८४७ साली, आलेक्सिस सॉयर या नामांकित आचाऱ्यानं डब्लिनमध्ये मोठं सूपघर उभारलं. काम अफाट होतं, रोज हजारो लोकांना त्यानं खाऊ घातलं. पण घंटा वाजली की शंभर माणसं आत, चमचे साखळीनं टेबलाला बांधलेले, काही मिनिटांत खाऊन बाहेर, की पुढचे शंभर. आणि उद्घाटनाच्या वेळी शहरातली प्रतिष्ठित मंडळी पैसे देऊन हे बघायला आली होती. भुकेल्यांना जेवताना बघायला! त्या काळच्या वर्तमानपत्रांतही त्याबद्दल नाराजी उमटली.

हातात ताट धरलेल्या माणसाचा फोटो काढून दात्यांना पाठवणं मला त्याहून फार वेगळं वाटत नाही. त्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक नसते. समोर जेवण असतं. हिशेब पाठवू, भांड्यांचे फोटो पाठवू, कांद्याच्या ढिगाचे पाठवू. माणसांचे नाही. बैठकीत हे मान्य झालं आणि २१ तारखेला वाढणाऱ्यांनी फोन स्वयंपाकघरात ठेवायचे ठरलं.

१५ डिसेंबर

खिरीत दूध आहे आणि सुका मेवा घालायचा विचार होता. मेवा वगळला. प्रत्येक पदार्थासमोर त्यात काय काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहायचं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाढणाऱ्यानं तोंडानं सांगायचं. सामान आलं, तोललं, बरोबर भरलं.

काम सोडून गेलेल्या दोघांपैकी एक आज परत आला. भाजी चिरायची जबाबदारी त्याची.

२० डिसेंबर

निवाऱ्यात दिवसभर होतो. ताईंनी सांगितलं होतं तसंच झालं: दुपारपर्यंत चार ठिकाणचं अन्न आलं. आम्ही वाढलं, बसलो, पत्ते खेळलो. एका आजींनी त्यांच्या लहानपणीच्या सणाबद्दल खूप वेळ सांगितलं, आणि मला वाटतं त्या दिवसाचं खरं काम तेच होतं.

संध्याकाळी परत येऊन भाज्या धुतल्या, राजमा भिजत घातला. भिजून तो चोवीस-पंचवीस किलो होणार म्हणून दोन पिंपं घेतली.

२१ डिसेंबर

पाचला गॅस पेटला. भिजवलेलं पाणी ओतून राजमा ताज्या पाण्यात चढवला. पावणेसहाला मधोमध उकळी, तिथून तीस मिनिटं, मग मऊ होईपर्यंत. कुठल्याही टोपातला दाणा काढून दाबला तर पेस्ट होत होती. भाजी साडेआठला, खीर दहाला, आणि भात मुद्दाम सगळ्यात शेवटी, चार टोपांत, सव्वाअकराला.

टोप जाड चादरींत गुंडाळून निवाऱ्यावर नेले. निघताना राजमा ९१ अंश, पोचल्यावर ८६. वाढायला लागल्यापासून दर अर्ध्या तासानं नोंद केली. शेवटच्या पंगतीला भात ६६ होता, ६० च्या खाली काही गेलं नाही.

साडेबाराला पहिली पंगत. काल इथं गोंगाट होता, आज दारात माणसं गप्प उभी होती. जेवण आहे असं ताईंनी सांगून ठेवलेलं असूनही बऱ्याच जणांचा विश्वास बसलेला नव्हता, दोघांनी दारातच विचारलं, "कालचंच का?" ताजं आहे म्हटल्यावर आत आले. शाळा बंद असलेली मुलं आयांबरोबर आली, आम्ही धरली होती त्यापेक्षा जास्त.

साखरेचा त्रास असलेल्या आजोबांजवळ मी स्वतः वाढत होते. त्यांनी भात थोडा बाजूला सारला, राजम्याचे दाणे चमच्याच्या पाठीनं ताटाच्या कडेला एकेक करून चिरडले, रसात कालवले आणि मग खाल्ले. दात वरचे नाहीतच. पूर्ण ताट संपवायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. मागे माणसं थांबली होती, पण कोणी त्यांना उठायला सांगितलं नाही. भिंतीलगत आणखी एक सतरंजी टाकली. खीर विचारली तर म्हणाले, दोन चमचे. दोनच वाढली. केळं खिशात ठेवलं.

एकूण १६३ माणसं जेवली, त्यातले एकतीस डबे. डब्यांवर शिजवल्याची वेळ लिहिली आणि दोन तासांच्या आत खा असं प्रत्येकाला सांगितलं. दोन बायकांनी रात्रीसाठी भात मागितला. नाही म्हणणं फार जड गेलं, पण भात रात्रीपर्यंत बाहेर ठेवायला देणं म्हणजे त्यांना आजार देणं. त्याऐवजी केळी दिली आणि ताईंनी आपल्याकडचा पाव दिला. पुढच्या वेळी रात्री न बिघडता राहील असं काहीतरी कोरडं बरोबर हवंच. ही गरज आम्हाला त्या दोघींनी दाखवून दिली.

२४ डिसेंबर

उरलं ते: भात दीड किलो, टाकला. राजमा जवळजवळ संपला. भाजी कमी पडली; मऊ आणि बेताची तिखट असल्यामुळे सगळ्यात जास्त वेळा तीच मागितली गेली. पुढच्या वेळी माणशी २५० ग्रॅम धरायची. कोणाला त्रास झाल्याचं ताईंच्या कानावर नाही. त्यांनी दोन दिवस मुद्दाम विचारपूस केली.

दात्यांना हिशेब आणि भांड्यांचे फोटो गेले. एकानं विचारलं, लोक कुठं आहेत? कारण लिहून कळवलं. त्यांनी पुढच्या वेळच्या तांदळाची जबाबदारी घेतली.

५ जानेवारी

ताईंबरोबर वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसलो. रोजच्या जेवणाच्या जागा कधी बंद असतात आणि शाळांना सलग सुट्टी कधी, त्यावर खुणा केल्या. सणांवर नाही, सणांनंतरच्या दिवसांवर. सगळ्यात मोठी मोकळी जागा वार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीत आहे, आणि तेव्हा वसतिगृहही रिकामं असेल. मुलांसाठी वेगळं माप काढावं लागेल. ते काम परत आलेल्या मित्रानं घेतलं. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, तारीख आधी कळवा, मी गावाला जायचं पुढं ढकलीन. कोरड्या शिध्याची यादी पुढच्या बैठकीत.